पाच केकांची माफी

पाच केक खायला घातले की पोरगं बापाला माफ करतं. थट्टा नाही करत, ज्या खेळाला मी आवाज दिला त्या खेळाचा हा नियमच आहे. पोराचं नाव तेओ, वय दहा. बाप मोठा शूर सरदार. पोराची भीती मेली पाहिजे म्हणून त्याने तेओला लहानपणी कोरड्या विहिरीत उतरवून वरून झाकण लावलेलं. आता खेळणाऱ्याने काय करायचं, तर राजधानीच्या बाजारातून मधाचा केक आणून तेओला द्यायचा. केक दिला की त्याच्या डोक्यावर पत्त्यांतल्यासारखा गुलाबी बदाम उडतो आणि मनाची गाठ थोडी सैल होते. पाचव्या केकाला विहिरीची आठवण दिसते, बाप येऊन गुडघे टेकतो, तेओ माफ करतो, आणि बक्षीस म्हणून त्याच्या तलवारीचा घाव तिथून पुढे दुप्पट लागतो. दुप्पट! दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. इथे ते गुलाबी बदामावर बसून भुर्रकन उडून जातं.

मी ओकुनो सुमिए. पन्नाशी ओलांडली आहे, तरी धंदा पोरांच्या आवाजाचा. आमच्याकडे खेळांतल्या लहान मुलांना बायकाच आवाज देतात, कारण खऱ्या मुलांचा आवाज फुटतो, आमचा फुटत नाही. तीस वर्षांत मी राजपुत्र झाले, चोर झाले, भुतं झाले. एका खेळात तर नुसता पादणारा राक्षस होते, आणि तेही मन लावून केलं. एकाही वाक्याला कधी नाही म्हटलं नव्हतं.

तोक्योतल्या एका तळघरात आमचं ध्वनिमुद्रण चालतं. काचेच्या अलीकडे मी एकटी, पलीकडे ध्वनिदिग्दर्शक वाकुई. वाकुई आणि मी या धंद्यात एकाच सुमाराला आलो, तो मला सरळ सुमिए म्हणतो. खेळाच्या कामात समोर दुसरा नट नसतो. बापाशी भांडायचं तरी एकटीने, मरायचं तरी एकटीने. वाक्य म्हणायचं, थांबायचं, पुढचं वाक्य म्हणायचं.

त्या दिवशी सकाळी गावातल्या किरकोळ गमती होत्या. बाजारात तेओच्या हातचा भाजलेला बांगडा एक मांजर पळवतं आणि मग शेपटी खाली घालून परत येतं. तेओचं वाक्य होतं, "जाऊ दे. केलं माफ. ये, इकडे ये." माझ्या घरी मुगी नावाचा एक लठ्ठ बोका आहे, त्याला डोळ्यांसमोर आणलं आणि म्हटलं. तेवढ्यात माझं पोट गुरगुरलं. माईक मेला सगळं पकडतो.

"सुमिए, तेओच्या आधी तुझं पोटच बोललं," वाकुई काचेपलीकडून म्हणाला. "बांगडा तूच खाल्ला असतास तर बरं झालं असतं."

मला हसू आलं. पुन्हा म्हटलं तेव्हा ते हसू ओठांतच राहिलं होतं, आणि शेवटी मी मुगीला बोलावते तसं च् च् च् केलं. वाकुईला आवडलं. तेच ठेवलं.

जेवणानंतर बापाचा प्रसंग आला. निर्माता तोगासाकी खास त्यासाठी हजर होता. तिशीतला पोरगा, पांढरेशुभ्र बूट, बोलताना दोन्ही हात छातीशी जोडून धरायची सवय. मी पान वाचलं. बाप गुडघे टेकतो आणि म्हणतो, तेओ, मी चुकलो. मग खेळणाऱ्यासमोर दोन पर्याय येतात. एक, माफ कर. दुसरा, अजून थोडा विचार कर.

"दुसरा निवडला तर काय होतं?" मी विचारलं.

"पुन्हा तोच प्रश्न येतो, ओकुनो-सान."

"आणि पुन्हा दुसराच निवडला तर?"

"पुन्हा येतो."

"कुठवर?"

"माफ करेपर्यंत," तोगासाकी म्हणाला, आणि छान हसला. "आधी तिथे 'माफ करणार नाही' असा पर्याय होता. पण चाचणीला खेळलेल्या लोकांचा मूड गेला. माणूस दिवसभर दमून घरी येतो, शेवटी त्याला हलकं वाटायला हवं ना?"

"हलकं कुणाला वाटायला हवं? त्या माणसाला की तेओला?"

"तेओ म्हणजे... ओकुनो-सान, तेओ चित्र आहे."

"मग चित्राकडूनच म्हणवून घ्या," मी म्हटलं आणि कानावरचा हेडफोन काढून ठेवला.

आमच्याकडे कुणी असं नाही म्हणत नाही. "जरा अवघड दिसतंय" म्हणतात, दात-ओठांतून हवा आत ओढतात आणि मग निमूटपणे करतात. वाकुई माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी त्या खोलीत थुंकले होते.

का नाही म्हटलं ते सांगते.

माझा बाप फुकुईकडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात लाखेच्या काड्या बनवायचा, जेवायच्या. शिंपल्यांचा चुरा घातलेल्या, महागाच्या. आळीच्या मंडळाचा अध्यक्ष होता. बर्फ पडलं की पहिलं फावडं त्याचं पडायचं, कुणी वारलं की पहिला तो पोचायचा. देवमाणूस म्हणायचे लोक. माझ्या हातून एखाद्या काडीवर ओरखडा उठला, वाटीत भाताचं शीत राहिलं, की हा देवमाणूस मला दाराबाहेरच्या दगडी पायरीवर गुडघे मोडून बसवायचा. चप्पल नाही, कोट नाही. स्वतः कोपऱ्यावरच्या तंबाखूच्या दुकानापाशी जाऊन सिगारेट पेटवायचा. मी पायरीवरून ओरडायचं, "मला क्षमा करा!" त्याला तिथवर ऐकू गेलं पाहिजे. नाही गेलं की तो हात कानामागे न्यायचा. म्हणजे पुन्हा. दुकानातली माणसं हसायची. माझ्या आवाजाला एवढी फेक कुठून आली असं मुलाखतींत विचारतात. घ्या, तिथून आली.

ऐकू गेलं की तो परत यायचा, मला ओलांडून आत जायचा आणि जाता जाता म्हणायचा, "ऐकू आलं." बस. "माफ केलं" हे दोन शब्द त्या माणसाच्या तोंडून मी एकदाही ऐकले नाहीत. आणि शेजारच्या घरात राहायची माझी सख्खी आत्या, फुकिआत्या. मी ओरडायला लागले की तिच्या घराची लाकडी झडप सरकल्याचा आवाज यायचा. थंडी आत येऊ नये म्हणून, असं ती सांगायची. मे महिन्यातसुद्धा!

आई नव्हतीच. मी अठरा वर्षांची झाले आणि निघाले ती पुन्हा त्या पायरीवर पाय ठेवला नाही. दर नवीन वर्षाला फुकिआत्याचा फोन यायचा. बाबा थकलेत, बाबांना ऐकू येत नाही, बाबांची छाती भरते. शेवटी ठरलेलं वाक्य, "एकदा माफ केलं म्हण ना गं सुमी, तुझं काय जातंय?" आणि मी दर वर्षी नाही म्हणायची. त्या माणसाने माझ्याकडून सगळं घेतलं होतं, आवाजसुद्धा त्यानेच घडवलेला. एवढं एकच वाक्य माझं होतं, त्याला न दिलेलं. ते मी एका गुलाबी बदामासाठी, पांढऱ्या बुटांच्या पोराला देणार होते होय!

आठवड्याने तोगासाकी माझ्या मॅनेजरच्या कचेरीत आला. कमरेत वाकून, मिठाईचा डबा दोन्ही हातांनी पुढे धरून. गिंझामधल्या भारी दुकानातले लाल घेवड्याच्या सारणाचे गोळे होते.

"आमच्याकडून आपली गैरसोय झाली," तो म्हणाला.

"हा केक दिला की माझ्या मनाची गाठ किती सुटते?" मी विचारलं.

मॅनेजरबाईंनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. तोगासाकी मात्र हसला, त्याला खरंच विनोद वाटला. मग ठरलं ते असं, की त्या प्रसंगात तेओला आवाज नसेल. अक्षरं उमटतील, मी फक्त एक श्वास द्यायचा. मी श्वास दिला. डबा घ्यावा लागला, न घेणं म्हणजे उघड वैर. घरी आणून तसाच कचऱ्यात टाकला, आणि खाण्याची वस्तू टाकल्याबद्दल माझ्या बापाने मला पायरीवर बसवलं असतं हेही मनात येऊन गेलं.

वसंतात खेळ बाजारात आला. आपलं काम मी नेहमी स्वतः बघते. दुपारी चहा घेऊन टीव्हीसमोर बसले, तेओला केक भरवत. तेओ म्हणे, वा, गोड आहे! बदाम उडे. भरवता भरवता मलाच मळमळायला लागलं. पाचवा केक झाला. विहीर दिसली, बाप आला, गुडघे टेकले. मी "अजून थोडा विचार कर" दाबत राहिले, दाबत राहिले, आणि बाप आपला पुन्हा पुन्हा तस्साच गुडघे टेकत राहिला. शेवटी माफ कर दाबलं. अक्षरं उमटली आणि माझा आवाज आला.

"जाऊ दे. केलं माफ. ये, इकडे ये."

च् च् च् कापलं होतं. बाकी सगळं तेच. ओठांतलं हसू तेच. खिडकीत झोपलेला मुगी उठला, आळस दिला आणि टीव्हीसमोर जाऊन बसला. त्याला कळलं होतं कोणाला बोलावलंय ते. जगात त्या एका बोक्याला तेवढं कळलं.

मी न्हाणीघरात जाऊन ओकले. चहाच होता पोटात, तो पडला.

तशीच कपडे बदलून तळघर गाठलं. वाकुई जिन्यात उभा राहून डब्यातली कॉफी पीत होता. मला बघून त्याने मान खाली घातली.

"मांजराचं वाक्य उचललंस," मी म्हटलं.

"तोगासाकीने सांगितलं. मी नुसतं जोडलं."

"मी नाही म्हटलं होतं, वाकुई. तुझ्यासमोर."

"म्हणायला तू नाही म्हणालीस, म्हणून तर तुला पुन्हा म्हणायला लावलं नाही." त्याला हे फार सभ्यपणाचं वाटत होतं. "तू सही केलेल्या कागदावर आहे, आवाज कंपनीचा. सगळेच करतात. तुझी किंकाळी आजही इतर खेळांत वापरतात, तेव्हा कुठे काय बोललीस?"

"किंकाळी कुणाचीही असते. ही माफी होती. वड्याचं तेल वांग्यावर काढायचं, तर निदान वांग्याला तरी विचारावं."

"लोक रडताहेत, सुमिए." त्याने फोन पुढे केला. "वाच ना."

वाचलं. कुणी लिहिलं होतं, तेओच्या आवाजातलं ते हलकंसं हसू, काय अभिनय आहे! कुणी लिहिलं होतं, माफ करणारा किती मुक्त होतो ते या नटीने एका ओळीत दाखवलं. एकाने लिहिलं होतं, हे बघून मी बापाला फोन केला. बांगडा चोरणाऱ्या मांजरापुढे एवढी माणसं ढसाढसा रडत होती. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही, शिसारी आली. आणि सगळ्यात जास्त आली ती वाकुईच्या चेहऱ्याची, कारण त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं.

ते वाक्य खेळातून काढायला लावा म्हटलं, तर मॅनेजरबाईंनी दात-ओठांतून हवा आत ओढून सांगितलं की जरा अवघड दिसतंय. तिथेच ते संपलं असतं. मी ते गिळलंही असतं, आयुष्यभर गिळतच आले. पण पावसाळा लागता लागता एका सकाळी फुकिआत्याचा फोन आला. नवीन वर्ष नव्हतं, म्हणून बाप गेला असेल असं समजून मी उचलला.

"सुमी!" आत्या रडत होती, पण आनंदाने. "म्हणालीस गं पोरी! शेवटी म्हणालीस!"

"काय म्हणाले?"

"माझ्या नातवाच्या फोनवर ऐकलं. तो तुझा खेळ. किती पोरांचे आवाज काढ, आत्याला कळतो हो! धावत दवाखान्यात गेले आणि तुझ्या बाबांच्या कानाशी धरला. पुन्हा लाव म्हणाले, पुन्हा लाव. डोळ्यांतून घळाघळा पाणी. आता कसे शांत झोपतात म्हणून सांगू!"

"आत्या, तू त्यांना काय सांगितलंस?"

"काय सांगायचं? म्हटलं, सुमीने पाठवलंय तुमच्यासाठी."

मी फोन ठेवला. मुगीच्या वाटीत दोन दिवसांचं खाणं ओतलं आणि गाडी पकडली.

दवाखाना गावाबाहेर, भाताच्या खाचरांच्या कडेला होता. खोलीत चार खाटा, प्रत्येकीला पडदा. खिडकीजवळच्या खाटेवर माझा बाप होता. आयुष्यभर मोठा वाटलेला माणूस चादरीखाली एवढासा उरला होता. फुकिआत्या शेजारी बसून पीच सोलत होती. मला बघून तिने तोंडावर हात नेला.

"दादा, कोण आलंय बघा!" ती त्याच्या कानाशी ओरडली.

बापाने डोळे उघडले. बराच वेळ बघितलं. "उशीर केलास," तो म्हणाला. "पण म्हणालीस. म्हणशील हे मला ठाऊक होतं."

एवढंच. खेळातल्या बापाने निदान गुडघे टेकले होते, हो! ते चित्र होतं, तरी "मी चुकलो" म्हणालं होतं. या माणसाने हक्काचं येणं वसूल झाल्यासारखी मान हलवली आणि पीचसाठी तोंड उघडलं. आत्याने फोड भरवली. रस हनुवटीवर ओघळला, तो तिने रुमालाने टिपला.

"आत्या," मी हळू म्हटलं, "तो आवाज मी पाठवला नव्हता. ते वाक्य यांच्यासाठी नव्हतं. खेळात एक मांजर मासा चोरतं, त्याला म्हटलेलं वाक्य होतं. कंपनीने कापून तिथे चिकटवलं."

आत्याच्या हातातली सुरी थांबली. तिने एकदा बापाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. तिला सगळं कळलं, आणि कळून ती माझ्या कानाशी कुजबुजली, "असू दे ना. त्यांना कुठे कळतंय? जाणारा माणूस आहे. तुझं काय जातंय?"

"माझं आहे ते वाक्य. तेच जातंय."

"सुमी, नको. पाया पडते तुझ्या."

"तेव्हा पडली असतीस तर बरं झालं असतं, आत्या. माझ्या नाही, यांच्या. शेजारचंच घर होतं तुझं."

मी खाटेशी गेले. बापाच्या अंगाला पीचचा आणि औषधाचा वास येत होता. मी म्हटलं, "बाबा, ते मी तुम्हाला म्हटलं नव्हतं."

त्याच्या कपाळाला आठी पडली. मग चादरीखालून त्याचा हात निघाला. वाळलेला, सुईच्या पट्ट्या चिकटवलेला. सावकाश वर आला आणि कानामागे गेला.

म्हणजे पुन्हा.

माझे गुडघे आपोआप मोडायला लागले. खरं सांगते, दवाखान्याच्या फरशीवर मी बसलेच असते. खाटेची दांडी धरली आणि ताठ उभी राहिले. मग पोटातून श्वास घेतला आणि तंबाखूच्या दुकानापर्यंत जाईल असा आवाज लावला.

"ते मी मांजराला म्हटलं होतं! तुम्हाला नाही! तुम्हाला मी माफ केलेलं नाही!"

बाजूच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. बाहेर गाडा ढकलत चाललेली नर्स दारातच थांबली. फुकिआत्या लगबगीने उठली आणि तिने खाटेभोवतीचा पडदा सर्रकन ओढून घेतला.

पडद्याच्या आत आम्ही तिघं. बापाचा हात कानामागून खाली आला, चादरीवर पडला. तो माझ्याकडे बघत नव्हता, वर छताकडे बघत होता.

"ऐकू आलं," तो म्हणाला.

मी पिशवी उचलली आणि पडदा बाजूला केला.